सूत सापडतं, सुताचं सापडत नाही

एप्रिलमधली भर दुपार. सोलापुरात त्या वेळेला पंखासुद्धा गरम हवाच अंगावर फेकतो. अक्काचा फोन आला.

"अरे, ती कांडीची नोंद कुठं गेली? मी लिहिली होती, माझ्या हातानं टाईप केली होती. आणि हे मशीन म्हणतंय, नाहीच."

"कांडी म्हणून शोधलंस का?"

"मग काय कढी म्हणून शोधू?"

अक्का म्हणजे माझी मोठी चुलत बहीण. शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत तीसेक वर्षं मराठी शिकवून २०१९ला निवृत्त झाली. बाहेरच्यांसाठी सांगतो, सोलापुरात 'पूर्व भाग' म्हणजे नुसती दिशा नव्हे. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची ती जुनी वस्ती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि मधूनमधून कानडी. पोरं शाळेला आली नाहीत की अक्का घरी जायची. घरात शिरलं की आधी माग दिसायचा, मग माणसं. तिथल्या बायकांशी बोलता बोलता ती लिहून ठेवू लागली: कामाचे शब्द, आठवणी, भांडणं, पदार्थ. आता तिला त्याचं पुस्तक करायचंय, विणकरांच्या घरातल्या बायकांच्या कामाबद्दल. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्यामुळे घरात कुणाचा कागद हरवला तरी फोन मलाच येतो.

हे सगळं तिच्या परवानगीनं लिहितोय. "माझं नाव घालू नको, बाकी काय लिहायचं ते लिही," एवढीच तिची अट.

जमलेलं साहित्य

सतरा डायऱ्या. पहिली १९९४मधली. एकही विकत घेतलेली नाही. बँकेच्या, विमा कंपनीच्या, सूत व्यापाऱ्यांनी दिवाळीला वाटलेल्या. आणि इथंच पहिली मेख आहे. भेट आलेली डायरी ती त्याच वर्षी वापरायची असं नाही. २००३ची डायरी २००६मध्ये उघडलेली. पानावर छापलंय १४ मार्च, आणि अक्कानं कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं लिहिलंय 'श्रावणातला दुसरा सोमवार'. काही पानांवर तेवढंही नाही.

डायऱ्यांशिवाय २००४ ते २०१०च्या काळात नवी पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेल्या बावीस फाइल्स, जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात ठेवायच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या. त्या आज उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोनमध्ये डायरीच्या पानांचे आणि मागांचे फोटो, दोनेक हजार. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप, ज्यात फक्त ती एकटीच आहे. मुलाला आत घेऊन ग्रुप काढला आणि लगेच त्याला बाहेर काढलं. शिवाय फोनमधलं एक नोंदवहीचं ॲप. त्यानं मध्येच फुकट खात्यावर नोंदींची मर्यादा घातली तेव्हा घाईघाईनं सगळं उतरवून घ्यावं लागलं होतं. टाईप केलेल्या नोंदी मोजल्या तर अकराशेच्या आसपास भरल्या.

दिवाळीतली पहिली मांडणी

२०२३च्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला. आयटीत आहे, हुशार आहे, आईवर माया आहे. चार दिवस बसून त्यानं सगळ्या टाईप केलेल्या नोंदी ऑब्सिडियनमध्ये आणल्या. ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०२०मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर तुमच्या नोंदी तुमच्याच लॅपटॉपवर साध्या मजकुराच्या फाइल्स म्हणून ठेवतं. एक नोंद, एक फाइल. खुणा मार्कडाऊन पद्धतीच्या, म्हणजे २००४मध्ये जॉन ग्रूबर यांनी मांडलेल्या साध्यासुध्या. दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं की दोन्ही नोंदी जोडल्या जातात, आणि त्या दुसऱ्या नोंदीत गेलं की आपल्याकडे कोण कोण बोट दाखवतंय याची यादीही मिळते. निवड चांगलीच होती. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइल्स नोटपॅडमध्ये उघडतील.

घोटाळा झाला तो मांडणीत. भाच्यानं टियागो फोर्टे यांची चार कप्प्यांची पद्धत लावली: चालू प्रकल्प, कायमच्या जबाबदाऱ्या, संदर्भाचं साहित्य, संपलेलं. पोटात उपकप्पे. प्रत्येक नव्या नोंदीसाठी नऊ रकान्यांचा साचा: विषय, उपविषय, स्रोत, स्थिती, महत्त्व वगैरे. वर टॅग.

ही पद्धत वाईट नाही. ज्याच्या टेबलावर दर तीन महिन्यांनी काम बदलतं त्याला ती बरोबर बसते. अक्काचं काम एकच, आणि ते तीसेक वर्षं चाललेलं. त्यामुळे सगळंच 'चालू प्रकल्पात' आणि बाकीचे तीन कप्पे रिकामे, ओट्यावर मांडून ठेवलेल्या बरण्यांसारखे. मग ती अडायची ती उपकप्प्यांपाशी. एका म्हातारीनं सांगितलं की मार्शल लॉच्या वेळी (१९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला होता तेव्हा) आमच्या सासऱ्यांनी माग बंद ठेवला, आणि त्या दिवसांत घरात काय शिजायचं तेही सांगितलं. आता ही नोंद १९३०च्या इतिहासात, मागात, स्वयंपाकात, की बायकांच्या आठवणीत? अक्का शिक्षिका. चुकीच्या रकान्यात लिहिणं तिच्या हातून होत नाही. मग ती लिहीतच नसे.

संक्रांतीपर्यंत टॅग झाले एकसष्ट. त्यात माग, हातमाग, हातमाग-काम आणि मागकाम असे चार वेगवेगळे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेत तिला एका जुन्या विद्यार्थ्याची आई भेटली, नंदीध्वजांच्या गर्दीत अर्धा तास गप्पा झाल्या. घरी येऊन अक्कानं जे ऐकलं ते शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर लिहिलं आणि कागद लॅपटॉपच्या झाकणात ठेवून दिला. मी एप्रिलमध्ये गेलो तेव्हा तो तिथंच होता, तेलकट डाग पडलेला. नऊ रकाने भरायची ताकद नव्हती, म्हणाली.

'शोधून काढता येतं की'

नोंदींच्या व्यवस्थापनावर इंग्रजीत जे व्हिडिओ असतात त्यांत एक सल्ला हमखास भेटतो: वर्गवारीत वेळ घालवू नका, सगळं एका ढिगात टाका, लागेल तेव्हा शोधा. मीही अक्काला हेच सांगणार होतो. पण त्या दुपारची कांडी काही सापडेना.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी 'कांडी' शोधलं. शून्य. मग शेवटची वेलांटी काढून 'कांड' शोधलं. ढिगानं आलं. मिरची कांडपावरच्या तीन नोंदी, कुठलंसं हत्याकांड, आणि त्या सगळ्यात हवी ती ओळ: 'कांड्या भरणे. शाळेतून येऊन. आई ओरडायची. पैसे नाय. २३/४'.

कांडी म्हणजे आडव्या धाग्याची छोटी गुंडाळी, जी धोट्यात बसते. धोटा उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडं जातो तेव्हा कांडीवरचं सूत उलगडत जातं. विणणारा एक असला तरी कांड्या भरायला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरची बाई किंवा पोर. अक्काच्या पुस्तकाचा हा गाभा. आणि नोंदीत शब्द होता कांड्या.

आपल्याला कांडी आणि कांड्या एकच वाटतात. यंत्राला कांडीत 'ड'ला वेलांटी दिसते, कांड्यात 'ड'चा पाय मोडून त्याला 'या' जोडलेला दिसतो. 'कांड'च्या पुढं दोघांचा रस्ता वेगळा. मग मी वहीवर शब्द लिहून एकेक तपासत बसलो, आणि खरं सांगतो, ग्रंथपाल म्हणून लाज वाटली की हे आधी कधी नीट बघितलंच नव्हतं.

'सूत' शोधलं तर 'सुताचा', 'सुतानं', 'सुताला' यांतलं काहीही येत नाही. विभक्ती लागली की मराठीत शब्दाचा आतला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, दुधाचं-दुधाला होतो तसा. वाक्यात सूत हा शब्द पुष्कळदा मूळ रूपात नसतोच. म्हणजे मूळ रूपानं शोधलं तर अशा सगळ्या जागा निसटणार. 'धोटा'नं 'धोट्यात' सापडत नाही. 'माग'चं उलट. तो सगळीकडे सापडतो: मागे, मागणी, मागच्या वर्षी, मागितलं, माघारी सोडून सगळं. इंग्रजीत नामाला बहुतेक वेळा फार तर एक 'एस' लागतो आणि मूळ शब्द बहुधा आत जसाच्या तसा राहतो, म्हणून तिकडं तो सल्ला चालतो. आपल्याकडे शब्द वाक्यात शिरतानाच कपडे बदलतो.

हे झालं व्याकरणाचं. त्याच्या खाली आणखी एक तळघर निघालं. अक्कानं फोनवर लिहिलेलं 'ॲसिड' आणि लॅपटॉपवर लिहिलेलं 'अॅसिड' पडद्यावर सारखंच दिसतं. पण एकात 'ॲ' हे एकच अक्षर आहे, ज्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली, आणि दुसऱ्यात 'अ' टाईप करून त्यावर चंद्र ठेवलेला आहे. एक शोधलं तर दुसरं मिळत नाही. 'मार्शल लॉ'चंही तेच. काही ठिकाणी 'ॉ' ही एकच खूण, काही ठिकाणी काना देऊन वर चंद्र. पूर्व भागावर लिहिणाऱ्या माणसाला १९३०चा मे महिना आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे टाळता येत नाहीत, म्हणून हा शब्द तिच्या नोंदींत पुष्कळदा होता. त्यातल्या निम्म्या नोंदी शोधात कधी वर आल्याच नव्हत्या. सालांचंही तसंच. कुठं देवनागरी १९३०, कुठं इंग्रजी आकड्यांत.

'रंगारी'नं तर कहर केला. 'रंगाऱ्याकडे' या शब्दातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' दोन तऱ्हांनी तयार होतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' पाय मोडून वापरतात, दुसऱ्यात साध्या 'र'च्या पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अक्का चष्मा पुसत दोन शब्दांकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि म्हणाली, "दोन्हीला पैकीच्या पैकी मार्क दिले असते मी."

आणि शेवटी तेलुगू. मागाला तेलुगूत मग्गम म्हणतात, सुताला नूलु. अक्कानं जसं ऐकलं तसं लिहिलं: मग्गम, मग्गं, मगम, एका ठिकाणी मग्ग. तो शेवटचा बहुधा कानडी बोलणाऱ्या घरातला. हे शुद्धलेखनाचे दोष नाहीत, कुणाच्या तोंडून ऐकलं त्याचा पुरावा आहे. ते एकसारखे करून टाकले तर पुस्तकाचं नुकसान.

ग्रंथपालाचं डोकं

आमच्या धंद्यात रंगनाथन यांचं नाव घेतल्याशिवाय काही सुरू होत नाही, म्हणून घेतो. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. पाठोपाठ १९३३ला पुस्तकं लावायची त्यांची पद्धत, कोलन वर्गीकरण, आली, ज्यात एका विषयाचे पैलू सुटे करून मग जोडले जातात. पण पुस्तक शेवटी लाकडी फळीवर एकाच जागी उभं राहतं, म्हणून एक अंतिम क्रमांक द्यावाच लागतो. फाइलला फळी नाही. भाच्यानं नसलेल्या फळ्या बांधल्या आणि अक्का प्रत्येक फळीपुढं थबकली.

दुसरं नाव निकलास लुहमान यांचं. हे जर्मन समाजशास्त्रज्ञ १९९८ला वारले. मागं सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या राहिल्या. नोंदींच्या भानगडीत पडलेला प्रत्येक जण हा आकडा सांगतो. त्या चिठ्ठ्यांतून माणूस आयुष्यभर पुस्तकं आणि लेख लिहीत होता, हे जास्त महत्त्वाचं. त्यांच्याकडे चिठ्ठीला ठरलेला क्रमांक होता, चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक होते, आणि शब्दांची एक सूची होती. एका शब्दापुढं जेमतेम काही क्रमांक, आत शिरण्यापुरते. पुढची वाट चिठ्ठ्याच दाखवायच्या.

मला त्यातली ती सूची हवी होती. मराठीत शोधयंत्र जे करत नाही ते माणसानं करायचं: कांड्या लिहिलेल्या ठिकाणी कांडीकडे बोट दाखवायचं.

मे ते ऑगस्ट

आधी सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मग चार कप्पे मोडून अकराशे नोंदी एका फोल्डरमध्ये ओतल्या. भाच्याला फोनवर सांगितलं तर दोन सेकंद गप्प झाला. "मामा, नक्की ना?" म्हणाला. नक्की काहीच नव्हतं.

साध्या मजकुराच्या फाइल्स असण्याचा फायदा त्या रात्री कळला. सगळ्या फाइल्समध्ये एकदम बदल करणारा एक एडिटर घेतला आणि 'अ'वरचे चंद्र सगळे 'ॲ' केले, काना-चंद्र सगळे 'ॉ', जोडचिन्हाचा 'र' सगळा 'ऱ'. इंग्रजी आकडे देवनागरी केले. तीन तासांत झालं. फोनवरून लिहिलेलं परत मिसळतंच, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा झाडू पुन्हा मारतो. ज्यांच्या नोंदी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर बंद पेटीत आहेत त्यांना असा झाडू मारता येईल असं मला वाटत नाही.

मग शब्द-नोंदी. पुस्तकाला लागणारे शब्द अक्कानं वहीत काढले, छप्पन्न निघाले. प्रत्येकाची एक नोंद. मथळा शब्दकोशात असतो तसा, एकवचनी मूळ रूपात: कांडी, सूत, धोटा, माग, रंगारी. त्याच नोंदीत 'उपनावं' म्हणून बाकीची रूपं. कांडीखाली कांड्या, कांडीवर, कांड्यांचे. मागाखाली मागावर, मागाला, मग्गम, मग्गं, मग्ग. ऑब्सिडियनमध्ये ही सोय आहेच. लिहिताना दुहेरी कंस उघडून 'कांड्या' लिहायला घेतलं की ते 'कांडी' पुढं करतं. वाक्यात मात्र रूप बदलत नाही, कारण जोडणी अशी पडते: [[कांडी|कांड्या]]. डावीकडे पत्ता, उजवीकडे वाक्यात दिसणारा शब्द. हे अक्काला इतकं आवडलं की दोन दिवस ती जे दिसेल ते जोडत होती. 'पाणी'सुद्धा जोडलं. मग थांबवलं. पुस्तकात ज्या शब्दावर परिच्छेद होणार तोच जोडायचा.

डायऱ्यांवर आमचं भांडण झालं. तिला सतराच्या सतरा टाईप करायच्या होत्या. मी म्हटलं, तू सत्तरीची होशील आणि पुस्तक तसंच राहील. फोटोवरून मजकूर ओळखणारी साधनं तेव्हा छापील मराठीला बऱ्यापैकी झेलायची, पण घाईत लिहिलेल्या, वर तेलुगू शब्द पेरलेल्या अक्षरापुढं हात टेकायची. शेवटी ठरलं ते असं. डायऱ्यांना पाठीवर एक ते सतरा क्रमांक. पानांना क्रमांक घालायचे नाहीत, कारण ते आधीच आहेत: छापील तारीख. 'डायरी ९, छापील २३ एप्रिल' हा पत्ता. प्रत्येक डायरीची एक सूची-नोंद, पानाला एक ओळ, फार तर दहा शब्द. पूर्ण मजकूर तेव्हाच उतरवायचा जेव्हा प्रकरण लिहिताना तो लागेल.

हे करताना त्या कांड्यांच्या नोंदीतलं कोडं सुटलं. '२३/४' ही ऐकल्याची तारीख आहे असं ती इतके दिवस समजत होती. ते डायरीचं छापील पान निघालं. ऐकलं होतं २०१६च्या गणपतीत. आता ती नोंद अशी आहे:

'कांड्या भरणाऱ्या बायकांना पैसे मिळत नसत' हा मथळा. खाली मजकूर: 'शाळेतून आल्यावर [[कांडी|कांड्या]] भरायच्या. नाही भरल्या तर आई ओरडायची. पैसे नाहीत. सांगणारी: बाई ११. डायरी ९, छापील २३ एप्रिल. ऐकलं २०१६, गणपती.'

मथळ्यात पूर्ण वाक्य घालायचं, ही माझी एकच सक्ती. 'कांड्या भरणे' या मथळ्याशी वाद घालता येत नाही, वाक्याशी येतो. 'बाई ११' अशासाठी की काही जणींनी सावकाराचं देणं, नवऱ्याची दारू असलंही सांगितलंय. कुठला आकडा म्हणजे कोण, ते एका वेगळ्या वहीत आहे आणि ती वही कपाटात. लॅपटॉपवर नाही.

जुन्या फॉन्टच्या बावीस फाइल्स रूपांतर करून घेतल्या. रफार आणि जोडाक्षरं बिघडली होती. अक्कानं लाल पेन घेऊन तपासल्या, पेपर तपासावेत तशा.

जे नीट बसलं नाही

नोंदींचं जाळं चित्रात दाखवणारी एक सोय आहे. पाहुण्यांना दाखवायला छान. कामाला शून्य.

मथळ्यात तिरकी रेघ, विसर्ग म्हणून मारलेलं कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही, कारण मथळा हेच फाइलचं नाव असतं आणि विंडोज ती चिन्हं घेत नाही. 'पैसे मिळत होते का?' असा मथळा देताना अक्का दोनदा अडली. तिनं प्रश्नचिन्ह सोडून दिलं आणि मराठीच्या शिक्षिकेला ते अजून खुपतं.

जुलैत भाचा आला आणि त्यानं आईला मदत म्हणून पंचवीसेक फाइल्सची नावं विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन सुधारली. ऑब्सिडियनच्या आत नाव बदललं तर जोडण्या आपोआप सुधारतात. बाहेरून बदललं तर त्याचा भरवसा नाही. दोन-अडीचशे जोडण्या हवेत लटकल्या. पेनड्राइव्हवरची नक्कल होती म्हणून निभावलं. आता लॅपटॉपच्या झाकणावर अक्काच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी आहे: 'नाव आतूनच बदलावे.'

आणि ती अजूनही आधी डायरीतच लिहिते. मी तो नाद सोडवायचा प्रयत्न केला नाही. समोर म्हातारी बाई बोलत असताना फोन काढला की ती बोलणं आखडतं घेते. डायरी काढली की सांगते, "हं, लिही."

दोन नोंदी

ऑगस्टच्या शेवटी अक्का बायकांच्या बिनपगारी कामाचं प्रकरण लिहायला बसली. मांडणी सरळ होती: कापडाचा दाम विणणाऱ्याच्या हातात, कांड्या भरणारी फुकट. कांडीची नोंद उघडली आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची यादी वाचली. तेरा होत्या. अकरावी वाचताना थांबली. डायरी ४, बाई ३: 'कांड्यांचे पैसे आठवड्याला. टोपलीवर हिशोब. त्या पैशात परकर शिवला.'

ही नोंद तिनंच लिहिलेली होती, बारा-तेरा वर्षांपूर्वी. विसरून गेली होती. जुन्या मांडणीत ती 'पोशाख' या उपकप्प्यात पडली होती, परकरामुळे. आणि मथळ्यातलं वाक्य समोर उभं होतं: पैसे मिळत नसत.

रात्री साडेनऊला फोन. "अरे, एक बाई म्हणते मिळायचे, एक म्हणते नाही. माझं प्रकरण बसलं खाली."

"दोघी खरं बोलत असतील."

"ते मला कळतं रे. कसं, ते सांग."

ते मला सांगता येणार नव्हतं. बाई ३ आता नाहीत. बाई ११ आहेत. ऑक्टोबरात एका सकाळी आम्ही दोघं रिक्षानं अशोक चौकाच्या पुढं उतरलो आणि बोळातून आत गेलो. त्या घरात आता माग नाही, तिथं शिलाई मशीन आहे. आजींनी अक्काला 'बाई' म्हणूनच हाक मारली. त्यांच्या दोन्ही नाती तिच्या वर्गात होत्या. चहा झाला, नातीच्या नोकरीचं झालं, मग अक्कानं विचारलं.

आजी हसल्या. "घरच्या मग्गमला कसले पैसे, बाई? शेजारच्यांच्या मग्गमच्या भरल्या की टोपलीवर पैसे. मी शेजारी जायचीच नाही ना, आई सोडायची नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण जायची. तिला परकर मिळाला."

अक्कानं मान वर केली नाही, लिहीत राहिली. संध्याकाळी तिनं ऑब्सिडियनमध्ये जाऊन, आतूनच, त्या नोंदीच्या मथळ्यात बदल केला: 'घरच्या मागाच्या कांड्यांना पैसे मिळत नसत'. डायरी ४च्या नोंदीलाही नवा मथळा मिळाला. प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलंय, आणि त्यात धाकट्या बहिणींसाठी एक वेगळा भाग आलाय, जो आधी नव्हता.

आजींचं बोलणं मात्र आहे डायरी १८मध्ये. सूत व्यापाऱ्याकडून आलेली, गेल्या वर्षीची. छापील ६ फेब्रुवारी.